गप्प केलेलं इंजिन

विमानाच्या इंजिनात नेमकं कोण बोंबलतंय, हे शोधून काढणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. चाचणीच्या शेडमधले लोक त्याला वैद्यबुवा म्हणत. इंजिन सुरू झालं की सगळे आवाज एकमेकांत कालवले जात: पुढच्या पंख्याचा, मागून सुटणाऱ्या गरम हवेचा आणि त्यांच्याआड कुठेतरी, इंधन जळतं त्या कक्षाची घरघर. त्याने एक मायक्रोफोन इंजिनाच्या पोटात बसवला, बाकीचे बाहेर मांडले. आत उठलेली कुठली घरघर बाहेर पोचते, ते ताडून पाहायचं, एवढंच. सांगायला सोपं आहे. करता करता त्याला टक्कल पडलं.

एवढा जीव तो ओतायचा ताईसाठी. तिचं घर धावपट्टीच्या तोंडाशी. भाऊजींना अर्धांगवायू झालेला. डोक्यावरून विमान गेलं की त्यांचा चांगला हातही थरथरायचा. घराला गिऱ्हाईक आलं होतं, तेव्हा यानेच मोडता घातला.

"थोडी कळ काढ, ताई. मी गप्प करतो त्याला."

ताईने धाकट्या भावाच्या शब्दावर गिऱ्हाईक परत पाठवलं.

आणि खरंच, चोर सापडला! इंधन जळतं त्या कक्षाचं अस्तर बदललं, इंजिन निवळलं. शेडमध्ये सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. दोन-तीन वर्षांत ती इंजिनं ताईच्या घरावरून उडू लागली, तसा हा हरखून तिच्याकडे गेला.

दार उघडलं तर ताईचे डोळे खोल गेलेले. आत भाऊजी भरदुपारी छताकडे टक लावून पडले होते.

"आवाज कमी झाला ना गं?"

"झाला की. शब्द पाळलास तू." तिने त्याला पाणी दिलं. "विमानतळवाले म्हणतात, नवी इंजिनं शांत आहेत, आता रात्रीही उडवायला हरकत नाही. पूर्वी रात्री बंद असायचं ना सगळं? आता पहाटेपर्यंत एकामागून एक."

त्याने पाण्याचं भांडं तसंच खाली ठेवलं.

"घर विकून टाकू या, ताई. मी बघतो गिऱ्हाईक."

"आता कोण घेतंय?"

ती चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त भाऊजींचं घसरलेलं पांघरूण सारखं केलं.

"तो मोठा आवाज परवडला रे," ती म्हणाली. "रात्री झोप तरी लागायची यांना."