खांबांचं पाणी

कोतागेडेच्या आमच्या गल्लीत 'नाही' हा शब्द फक्त लहान पोरं वापरतात. मोठं माणूस कुणाला तोंडावर नकार देत नाही. ते 'बरं' म्हणतं, भरलेल्या पेल्यात पुन्हा चहा ओततं आणि भलतंच बोलायला लागतं. समोरच्यानं काय ते ओळखायचं. आग लागो या सभ्यपणाला!

म्बाह दुलकामिद सत्तेचाळीस वर्षं आमच्या लांगारचे राखणदार. म्बाह म्हणजे आजोबा, आणि लांगार म्हणजे गल्लीपुरती नमाजाची जागा. आमची सागवानी होती. चार खांब, वर निमुळतं होत गेलेलं कौलारू छप्पर, शेंड्यावर मातीचा मुकुट. सगळ्या लाकडात एक खिळा नाही. बायको गेली, मुलगी लग्न होऊन वोनोसारीला गेली, तेव्हापासून म्बाहांचा संसार म्हणजे ते चार खांब. दरवर्षी तंबाखू, लवंगा आणि केळीचं वाळलेलं सोपट पाण्यात भिजत घालायचे आणि चार-पाच दिवसांनी त्या पाण्यानं खांब पुसायचे. वाळवीची काय बिशाद! बारा महिने त्यांच्या हातांना लवंगेचा वास. लहानपणी तिथं आमचा कुराणाचा धडा चुकला की कान पिळायचे, मग आमच्या कानालाही तोच वास यायचा.

मोठ्या पुरुषाला आम्ही आदरानं पाक म्हणतो, बाईला बू. पाक हर्तोयो याच गल्लीत जन्मले, पण तीस वर्षं जकार्तात साहेबी करून परतले. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं. गेल्या आठवड्यात ते नव्या इमारतीचा नकाशा घेऊन म्बाहांच्या ओसरीवर आले. मी माझे किपो द्यायला गेले होते. नारळाचं सारण घातलेले ते छोटे हिरवे किपो म्बाहांना फार आवडतात.

"म्बाह, जुनं उतरवून पक्कं बांधू. चकचकीत घुमट बसवू. तुमची परवानगी आहे ना?"

"बरं," म्बाह म्हणाले, आणि भरलेल्या पेल्यात चहा ओतला. "आईचा गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. मग लांगारचं नक्की?"

"बरं. यंदा आंबे कमीच आले, नाही?"

चहा बशीत सांडला. हर्तोयो हसत उठले. जाताना मला म्हणाले, "बू सुमिलाह, म्हातारा किती समजूतदार आहे!"

मला सगळं कळलं होतं. पण मोठ्यांच्या बोलण्यात आपण कशाला तोंड घालायचं, म्हणून मी टोपली उचलली आणि घरी आले.

शुक्रवारी म्बाह नातवाच्या सुंतेसाठी वोनोसारीला निघाले. लवंगेच्या पाण्याची बादली झाकून मला म्हणाले, "झाकण उघडू नकोस गं. मंगळवारी आलो की खांब पुसायचेत." शनिवारी हर्तोयोंनी घरोघर सांगितलं, उद्या सगळ्यांनी श्रमदानाला यायचं, म्बाहांनी हो म्हटलंय. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. दोघंही म्हणालो, "बरं."

मला वाटलं, हात लावायची कुणाची छाती होणार नाही. रविवारी दुपारपर्यंत छप्पर उतरलंही. आणि मी काय करत होते? पाडणाऱ्यांसाठी सोयाबीनचे टेम्पे तळत होते! चौघांनी मिळून एक खांब आडवा केला, तेव्हा झारा हातातून पडला. संध्याकाळी ट्रक आला आणि चारी खांब घेऊन गेला. मी मोकळ्या जागेकडे बघत उभी राहिले. काही केल्या विश्वास बसेना.

मंगळवारी म्बाह आले, हातात सुंतेच्या जेवणाची करंडी. गल्लीच्या वळणावर थांबले. रस्ता चुकल्यासारखे मागे वळले, दोन घरं गेले आणि पुन्हा आले. मग करंडी खाली ठेवून रिकाम्या जागेच्या कडेला चपला काढल्या. आत जायला आत उरलंच नव्हतं. तसेच अनवाणी उभे राहिले. मला हाक मारवेना.

हर्तोयो धावत आले. म्बाहांना त्यांच्या ओसरीवर बसवून म्हणाले, "म्बाह, आवडलं ना? तुम्ही यायच्या आत काम उरकलं! मुकुट तेवढा जपून ठेवलाय तुमच्यासाठी."

म्बाहांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी पेला पुढे ओढला. "बरं. बसा. चहा घ्या."

माझं डोकं फिरलं. म्बाहांच्या घरात जाऊन मी बादली उचलून आणली आणि हर्तोयोंसमोर आपटली. झाकण उडालं, ओसरीभर लवंगेचा वास सुटला.

"पाक हर्तोयो, हे खांबांचं औषध आहे. जायच्या दिवशी भिजत घातलंय. खांब पाडायला हो म्हणणारा माणूस हे कशाला करेल? ते नाही म्हणत होते! तुम्हाला कळलं नाही, आणि आम्हाला कळून आम्ही गप्प बसलो."

हर्तोयो बादलीकडे वाकले. "म्बाह... खरं?"

म्बाह माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, "सुमिलाह, पाहुण्याशी असं बोलतात का?" आणि हर्तोयोंना म्हणाले, "तिचं काय ऐकता. हे माझ्या गुडघ्यांसाठी आहे. फार दुखतात."

हर्तोयोंनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना खरंच वाटावं म्हणून म्बाहांनी लुंगी गुडघ्यांच्या वर घेतली, बादलीत फडकं बुडवलं आणि आपले काटकुळे पाय वरपासून खालपर्यंत पुसायला लागले.