जर्मन पाद्री आणि बाबांचा कावळा

दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका खेड्यात एक पाद्री होता. घरभर पेंढा भरलेले पक्षी. चोचीत किंवा पंखात केसाएवढा फरक दिसला, की हा पठ्ठ्या नवी जात जाहीर करायचा. पुढच्या लोकांनी त्यातल्या बऱ्याच मोडीत काढल्या, पण पक्षी बारकाईने बघावेत कसे ते त्याच्यासारख्यांनीच शिकवलं. मला हा माणूस भयंकर आवडतो. सांगलीहून आमच्याकडे आयर्लंडमध्ये स्वोर्ड्सला आलेल्या बाबांना मी हे कौतुकाने सांगितलं.

"रिकामटेकडा होता का गं?" बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात आईचं वर्षश्राद्ध आलं. सांगलीला दहाव्याला घाटावर खूप वाट पाहूनही पिंडाला कावळा शिवला नव्हता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आईचं काहीतरी राहून गेलंय, हे तेव्हापासून बाबांच्या मनाने घेतलं होतं. धड जेवतही नव्हते. म्हणून मी सुट्टी काढली, वडे तळले आणि मागच्या अंगणात भात-वड्याचं पान ठेवलं. भुरभुर पाऊस होता. बाबा छत्री घेऊन पहाऱ्याला बसले.

पहिला आला तो चोचीच्या बुडाशी पांढरट टक्कल असलेला. बाबांनी छत्री उगारली. "हा रोगट दिसतोय."

मग राखाडी अंगाचा आला.

"बाबा, तो कावळाच आहे! आपल्याकडचाही राखाडी असतो की."

"तो मानेपुरता. हा सबंध बनियन घालून आलाय. हुश्श!"

तिसरा, पांढऱ्या डोळ्यांचा छोटा, कुंपणावर टेकतो न टेकतो तोच त्यालाही हाकललं. पाद्र्याने नुसत्या जाती पाडल्या होत्या, बाबा त्या नापासही करत होते.

मग कोणीच येईना. वरून विमानं तेवढी जात होती.

"तुझ्या त्या जर्मनाला विचार," बाबा बारीक आवाजात म्हणाले, "हाकललेले परत येतात का?"

माझं डोकं फिरलं. "आईने आणलेली मेथीसुद्धा तुम्ही अशीच परत पाठवायचात. ही जून आहे, ती किडकी आहे. तरी ती रोज मंडईत जायचीच ना?"

बोलून गेले आणि माझंच मला वाईट वाटलं. बाबांनी छत्री मिटली, दाराला टेकवली आणि पावसात हात जोडून उभे राहिले. "ये," म्हणाले. "कशीही ये. आता नाही नावं ठेवत."

बऱ्याच वेळाने शेजारच्या धुराड्यावरून तो पांढऱ्या डोळ्यांचा छोटा उतरला. पानाभोवती फिरला, भात चोचीने बाजूला सारला आणि वडा उचलून पसार झाला.

"बाबा, याला इथे म्हणतात…"

"नको सांगूस." बाबांचा चष्मा पावसाने भरला होता आणि ते चक्क हसत होते. "भात ठेवलान बघ तसाच, नेहमीसारखा. तीच होती."