सर्पगरुडाचा खुराक

हातकणंगले मागे पडलं आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा राहिला. मी पिशवीतले कोरे कागद पुन्हा चाचपले. आमच्या नाशिकच्या घरात वर्तमानपत्राआधी मोर्च्याची पत्रकं वाचली जायची. अक्षरओळख मला त्यांच्यावरूनच झाली. त्यामुळे उसात एक सर्पगरुड लोळागोळा होऊन पडलेला सापडला, असं शबानाताईनं फोनवर सांगितलं तेव्हाच माझ्या पत्रकाचा मथळा तयार होता : ‘गरुडाचा मारेकरी कोण?’ मारेकरी तेवढा शोधायचा राहिला होता.

शबानाताई जनावरांची डॉक्टर. वनखातं आजारी पक्षी तिच्याकडे आणून सोडतं. स्टेशनवरून तिनं मला थेट दूध कट्ट्यावर (जिथं म्हैस समोरच पिळून दूध देतात) नेलं. फेसाळ, कोमट पेला हातात दिला.

“पी. आपल्या पेशंटनंबी हेच प्यालंय.”

“गरुडानं? दूध?”

“बदाम घालून.”

दवाखान्याच्या दारात स्टुलावर मारुती पैलवान बसला होता. स्टूल त्याच्याखाली दिसतच नव्हतं. राधानगरीच्या वाटेवरच्या त्याच्या गावात गरुड त्यालाच सापडला. त्यानं तो तालमीत नेला आणि तिथला खुराक (पैलवानाचा पौष्टिक आहार) चमच्यानं पाजला. वनरक्षकानं पक्षी इथं आणला, तर मागोमाग हाही आला.

“गावाला शब्द दिलाय,” तो म्हणाला. “ह्यो उडल्याबिगर आपण मातीत उतरणार न्हाय.”

आणि रविवारी गावच्या जत्रेत त्याची कुस्ती होती.

मी पेटलेच. रानपक्षी पकडून ठेवणं गुन्हा आहे, तो कुणाच्या तालमीची मालमत्ता नाही, आकाशाला मालक नसतो, असं बरंच बोलले. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

“भाषण झ्याक हाय. पाणी पिणार का, पावणं?”

आत पिंजऱ्यात गरुड मान पाडून बसला होता. तपकिरी अंग, पोटावर पांढरे ठिपके, डोळे हळदीसारखे पिवळे. डोक्यावरचा तुरा चपटा पडलेला. शबानाताईनं पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मग मला पाहू दिलं. गुलाबी, लांबट पेशी. एखाददुसरीत गडद जांभळी कोर आतल्या ठिपक्याला कवटाळून बसलेली.

“रक्तातले परजीवी,” ती म्हणाली. “चावऱ्या माश्यांकडून येतात. हिवतापाच्या जंतूंचे भाऊबंदच.”

“सापडले रक्तशोषक!” मी ओरडले.

“कुठं हाईत?” पैलवानानं मला बाजूला सारून काचेला डोळा लावला. “दावा की. चितपट करतो एकेकाला.”

“दोघंबी गप बसा,” शबानाताई म्हणाली. “थोडेच हाईत. रानातल्या कितीतरी गरुडांच्या रक्तात ते असतात आणि गरुड मजेत उडतात. पक्षी उपाशी पडला, की हे डोकं वर काढतात. ह्याच्या पंखाला मुका मार लागला, शिकार बंद झाली. त्यात तुमचं दूध. पोट बिघडलं बिचाऱ्याचं.”

“मग औषध?”

“विश्रांती. आणि उंदीर.”

पैलवानाचा चेहरा उजळला.

“म्हंजे खुराकच पायजे हुता की! मी काय येगळं सांगत हुतो?”

“खुराक बरोबर, पैलवान. बदाम चुकले.”

मी मुक्काम वाढवला. गरुड उंदीर खाऊ लागला, आणि मी तांबडा रस्सा. पहिल्याच घोटाला मला उचकी लागली, पैलवानानं पांढरा रस्सा पुढे सरकवला आणि हळूच विचारलं, “ह्यातला जरासा त्याला...?” शबानाताईनं वाटीच उचलून घेतली.

शनिवारी सकाळी आम्ही राधानगरीच्या जंगलात पोचलो. वनरक्षकानं खोक्याचं दार उघडलं. गरुड बाहेर आला, दगडावर बसला आणि बसूनच राहिला. पैलवान दोन पावलं पुढं सरकला. मग पक्ष्याच्या डोक्यावरचा तुरा हळूहळू उभा राहिला, फेटा बांधावा तसा. पैलवानाला राहवलं नाही. त्यानं शड्डू ठोकला (कुस्तीआधी मांडीवर मारतात ती थाप). दरी दणाणली, गरुड उसळला आणि झाडांवरून लांब शीळ घालत वर वर गेला.

“घाबरवलं की त्याला!” शबानाताई ओरडली, पण तीही हसत होती, आणि मी तर टाळ्या पिटत होते.

रविवारी पैलवानानं कुस्ती मारली. अंगाला माती तशीच असताना तो मला गाडीवर सोडायला आला आणि माझ्या हातात एक पुडी कोंबली.

“त्याचं बदाम ऱ्हायलंत. तुमी खावा. भाषणाला ताकद लागती.”

गाडी सुटली तसे मी कागद काढले. मारेकरी कुणी नव्हताच. त्या गरुडाच्या रक्तात परजीवी अजून आहेत, आणि तरी तो दरीवर घिरट्या घालत असेल, कारण त्याचं पोट भरलेलं आहे. मी जुना मथळा खोडला आणि ठळक अक्षरांत लिहिलं : ‘आधी पोटभर खाऊ द्या!’ मग पुडी सोडली आणि पहिला बदाम तोंडात टाकला.