मागे सरलेले आवासकर सर

आवासकर सर जीवशास्त्राच्या तासाला देव आणायचे आणि देवाच्या गप्पांत पेशी. त्यामुळे लाखांदूरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानवाले त्यांच्यावर वैतागलेले असत, भाविक त्याहून जास्त. मी तिथेच रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे देवाचा प्रश्न आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच निकाली निघाला होता. मी नुसतं ऐकून घ्यायची, बहुधा म्हणूनच ते मला सांगायचे.

सर मूळचे रेवदंड्याकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यानुपिढ्या राहिलेले ज्यू. नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. लहानपणी आजोबांनी हिब्रू वाचायला शिकवलं होतं. त्या जोरावर ते कब्बाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, वाचत. शेजारी गर्भविज्ञानाचं पुस्तक उघडं असे. एकातलं पान वाचायचं, दुसऱ्यात काही जुळतं का बघायचं. "मॅडम, हे पुस्तक कसं ते सांगतं, ते पुस्तक का ते विचारतं. दोघांकडे अर्धंच आहे," म्हणायचे.

या वाचनामागे रिवका होती. त्यांची एकुलती मुलगी, डाउन सिंड्रोमची. प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र जास्त. आई लवकर गेली, तिला सरांनीच वाढवलं. कब्बालात म्हणे अशी गोष्ट आहे, की सृष्टीच्या आरंभी भांड्यांत ओतलेला प्रकाश त्यांना पेलला नाही आणि ती फुटली. "माझ्या पोरीत कमी काहीच नाही," सर म्हणाले, "एक जास्तच आहे. भांड्याला पेललं नाही, इतकंच."

मी म्हटलं, ठीक आहे, पण तुमच्यानंतर तिला जेवायला कोण घालणार? नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांचं हृदय फार साथ देणार नाही, असं नुकतंच सांगितलं होतं. रिवका तिशीला आली होती आणि सर अजून तिचा भात कालवून देत होते.

पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"सुरुवातीला सगळीकडे देवच होता. जगाला जागाच नव्हती. म्हणून तो आकसला, मागे सरला. याला त्सिमत्सुम म्हणतात. आता पेशी बघा. प्रत्येकीत सगळ्या शरीराचा मजकूर असतो. डोळ्याची पेशी बाकीचा मजकूर मिटून ठेवते, तेव्हा डोळा होतो. जी मिटून घेत नाही, पसरतच जाते, तिला आपण कॅन्सर म्हणतो." मग चष्मा पुसत म्हणाले, "मी कोणती पेशी झालोय, ते कळलं मला."

त्या दिवसापासून कॉलेजातून आल्यावर सर तांदूळ आणि गंज, म्हणजे भाताचं पातेलं, ओट्यावर काढून ठेवायचे, रिवकाला भात करायला सांगायचे आणि बाहेर कडुनिंबाखाली दाराकडे पाठ करून बसायचे. शेजारच्या शेवंताबाईंनी विचारलंच, "काहून जी सर, पोरीनं घराबाहेर काढलं का?"

पहिलाच भात उत्तम झाला. दुसराही. सर महिनाभर खुशीत होते. मग एकदा रिवकाच म्हणाली, "काकू करते. मले हात लावू देत नाही." शेवंताबाई मागच्या दाराने येऊन भात टाकून जात होत्या. सर रागावले नाहीत. त्यांनी बाईंना त्सिमत्सुम पहिल्यापासून समजावून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमचा देव मांगं सरला असन, पण त्याच्या घरी गॅस नव्हता."

तरी दुसऱ्या दिवसापासून त्याही कडुनिंबाखाली येऊन बसू लागल्या.

रिवकाचा खरा पहिला भात खाली करपलेला, वर कच्चा होता. सर दोनदा वाढून घेऊन जेवले आणि दुसऱ्या दिवशी तासाला ओवा चघळत गेले. तिचा हात भाजला, तेव्हा मात्र त्यांनी रजा टाकली. मी भेटायला गेले तर म्हणाले, "मॅडम, मागे सरणं फार थकवतं. धावत आत जाणं सोपं असतं." मला वाटलं, आता सोडून देतील. पट्टी निघाल्यावर पुन्हा बाहेर जाऊन बसले. पुढे कितीतरी दिवस हेच चाललं.

गेल्या हिवाळ्यात सर नागपूरला दवाखान्यात वारले. चुलतभावाने ठाण्याला नेऊन दफन केलं, तिकडे त्यांची दफनभूमी आहे. रिवकासाठी त्याने एक संस्थाही बघून ठेवली होती. घर बंद करायला तो तिला घेऊन इकडे आला. त्या संध्याकाळी रिवकाने कुणी न सांगता गॅस पेटवला. तो घाबरून उठला, तर शेवंताबाईंनी त्याची बाही धरली. "बसा जी. तिले करू द्या."

त्याने चव घेत घेत भात खाल्ला. दोन दिवस राहून एकटाच परत गेला.

आता दिवसा शेवंताबाई बघतात, संध्याकाळी मी जाते. सोपं नाही. कधी ती अंघोळच करत नाही, एकदा गॅस चालू राहिला होता. दिवसभर तास घेऊन माझ्यात फारसा जीव उरलेला नसतो. सरांची ती दोन्ही पुस्तकं मी उघडलेली नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी ज्यूंचा शब्बाथ लागतो, तेव्हा रिवका मेणबत्त्या लावते आणि तीन ताटं घेते. मी सांगते, रिवका, बाबा वारले.

"मालूम हाय मले," ती म्हणते, एक ताट परत ठेवते आणि तांदूळ धुवायला घेते.