आधी बसायची जागा

वत्सला भोईर यांच्यावर अन्याय झाला तो यंदाच्या गुढीपाडव्याला सकाळी, अंबरनाथच्या आमच्या वाचनालयात, नव्या हॉलची फीत कापून झाल्यावर आणि पेढे वाटायच्या आधी. जिथे त्यांनी ग्रंथपाल म्हणून सगळी नोकरी काढली, तिथे त्यांना बसायला जागा मिळाली नाही. हॉल चकाचक होता. एसी, काचेची दारं, रांगेत लाकडी केबिन आणि प्रत्येक खुर्चीवर नंबर. त्या एका खुर्चीकडे वळल्या तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, ती सीट बुक आहे." शेजारचीही बुक होती. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी महिन्याचे पैसे भरून घेतलेल्या त्या जागा. मुलांचा काही दोष नाही, घरी एका खोलीत पाच माणसं असली की अभ्यासाला जागा लागतेच. पण सगळ्याच खुर्च्या विकल्या? मग वत्सलाताई समोरच्या भिंतीकडे गेल्या. भिंतभर पुस्तकं होती, वरपासून खालपर्यंत. त्यांनी सवयीनं एका पुस्तकाच्या पाठीवर बोट ठेवून ते ओढायला घेतलं आणि नख गुळगुळीत कागदावरून घसरलं. तो वॉलपेपर होता. पुस्तकांचा फोटो. मागे कोणीतरी फिसकन हसलं. ताई वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगो, ह्यो तर नुसता कागद हाय! माझी पुस्तकं कुठं हायत?"

"मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, ताई," सेक्रेटरी म्हणाले. "गोण्यांत भरून अगदी सेफ ठेवलीत."

"परत कधी लावणार?"

"बघू की... आज सणाचा दिवस, पेढा घ्या."

त्यांनी पेढा घेतला नाही. कार्यक्रम संपेपर्यंत ताई त्या खोट्या पुस्तकांना पाठ लावून उभ्या राहिल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्या गेल्या. मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये झेरॉक्सच्या दुकानात होते, याच प्रकरणाचं पत्रक छापायला. त्यांच्या भाचीचा फोन आला, "आत्या गेली गं..." दुकानदार विचारत होता, "मॅडम, कितना कॉपी?" मग त्यानं माझ्याकडे बघितलं, मशीन बंद केलं आणि स्टूल पुढे सरकवलं. काही लोक म्हणतात, वाचनालयाच्या धक्क्यानं गेल्या. मी पत्रकं लिहिते, असलं वाक्य पत्रकात किती शोभतं ते मला कळतं. पण ते खोटं आहे. त्या रक्तदाबानं गेल्या, आणि आदल्या दिवसापर्यंत भांडत होत्या.

मी नववीत असताना पहिल्यांदा त्या वाचनालयात शिरले. तोऱ्यातच. म्हटलं, "बाई, एक चांगलंसं पुस्तक द्या." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आधी बसायची जागा शोध. पुस्तक मंग." मला वाटलं, बाई वेडी आहे. पण तो त्यांचा नियमच होता. नवा मेंबर आला की सगळ्या खोलीत फिरायचं, हवं तिथं बसून बघायचं. आमचं वाचनालय म्हणजे कामगार वसाहतीच्या कडेचं लांबट दालन. लोखंडी कपाटांना कारखान्यातून उरलेला हिरवा रंग, मधोमध वर्तमानपत्रांचं टेबल, निवृत्त कामगारांच्या कोपरांनी कडा गुळगुळीत झालेलं. खिडकीतली खुर्ची उजेडाची, पण तिथं पुढच्या वडापावच्या गाडीचा वास यायचा आणि भूक लागायची. जिन्याखालचा कोपरा गार, पण अंधारा. मी सगळीकडे बसले आणि शेवटी दोन कपाटांच्या मध्ये एक बुटकं लाकडी स्टूल सापडलं. तिथं पाठ टेकली की भूगोल आणि प्रवासवर्णनं मागे, कथा-कादंबऱ्या समोर, आणि कोणाला आपण दिसतही नाही. ताई येऊन बघून गेल्या. "झालं. आता इथं शोभंल असं काढ." मी त्यांना विचारलं होतं, असं का करता? तर म्हणाल्या, "पुस्तकासाठी माणूस एकदा येतो गो. परत येतो तो जागेसाठी."

पुढे एका मे महिन्यात त्या आम्हा दोघी-तिघी मुलींना घेऊन निघाल्या. "लोक लांबून आपलं शिवमंदिर बघायला येतात, एकेक खांब बघतात. आपण कपाटं बघू," म्हणाल्या. कॅम्प दोनमध्ये कापडाच्या दुकानांमधून एक अरुंद जिना वर गेला, नव्या कापडाच्या खळीचा वास थेट वरपर्यंत. वर एका सिंधी आजोबांचं छोटं वाचनालय. तिथं खुर्ची एकही नव्हती! पेढीवर असते तशी पांढरीशुभ्र गादी, लोड आणि भिंतीला बुटकी कपाटं. दुकान बंद करून आलेली माणसं लोडाला टेकून वाचत पडलेली. मी एक पुस्तक उचलून उघडलं तर शेवटचं पान! आजोबा खो खो हसले. "उल्टा मत खोलो, बेटी. हमारा इधर से शुरू होता है." त्यांची सिंधी लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी; पुस्तकाचं तोंड दुसरीकडेही असू शकतं हे मला तिथं कळलं. मग बदलापूरच्या पलीकडे, ताईंच्या माहेरच्या गावात. तिथं समाजमंदिराच्या भिंतीतल्या कोनाड्यांतच पुस्तकं ठेवलेली, वर खुंटीला मृदंग, आणि वाचायला बाहेरची ओटी. एक काकी शेतातून आलेल्या, पाय पसरून, ओठ हलवत वाचत होत्या. ताई मला हळूच म्हणाल्या, "बघ. कुठं गादी, कुठं ओटी. पण उभं कोणालाच ठेवलं नाय."

परत आल्यावर त्यांनी आमच्या वाचनालयात एक जुनी गादी आणून टाकली. समितीत गदारोळ झाला. एक पेन्शनर काका तावातावानं म्हणाले, "ही काय पेढी आहे का? उद्या इथं लोक घोरतील!" ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही खुर्चीत घोरता तेव्हा मी कधी उठवलंय?" विषय संपला. त्या गादीवर वसाहतीतली पोरं पालथी पडून वाचायची, पाय हवेत. काही दिवसांनी ते काकाही तिथंच दिसायला लागले, गुडघ्याखाली उशी घेऊन.

ती गादी भंगारात गेली. पेपरचं टेबल गेलं. कोणाला विचारलं? कोणाला नाही. वाचनालय मेंबरांचं, आणि मेंबरांना कळलं ते निमंत्रणपत्रिकेवरून! हॉल नवा करायला ताईंचा विरोध नव्हता, हे मी स्पष्ट लिहिते, कारण त्यांच्या नावावर तेही खपवलं जातंय. त्या म्हणत होत्या की अभ्यासाच्या केबिन ठेवा, पण अर्धी खोली उघडी ठेवा. कपाटं हाताला लागतील अशी, आणि बसायला फुकट.

शेवटचं भेटले ते त्यांच्या घरी, त्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी. मी पत्रकाचा मसुदा वाचून दाखवला. वर मोठ्या अक्षरांत 'ज्ञानमंदिराची विटंबना' असं लिहिलं होतं, मला ते फार जोरदार वाटत होतं. त्यांनी हात वर केला. "विटंबना-बिटंबना काढ. आणि मंदिर तर आधी काढ. मंदिरात माणूस उभ्यानं नमस्कार करतो नि निघतो. लिही, बसायला जागा नाय. येवढंच."

"इतकं साधं? कोण येईल वाचून?"

"ज्याचे पाय दुखतात तो येईल..." आणि हसल्या. मग आतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जाताना ते घेऊन जा. भंगारवाल्याच्या टेम्पोतून उतरवून घेतलंय. त्याच्याशी भांडले."

आत माझं बुटकं स्टूल होतं. एका पायाला अजून हिरवा रंग लागलेला.

पत्रक मी त्यांच्या शब्दांत छापलं. समितीनं उत्तर दिलेलं नाही. शेडचा पत्रा एका कोपऱ्यात फाटलाय, मी स्वतः जाऊन बघून आले, आणि गोण्या बरोबर त्याच्याच खाली आहेत. पावसाळा तोंडावर आलाय. तेव्हा सुस्कारे पुरे झाले. मला श्रद्धांजलीचे मेसेज पाठवू नका. 'फार छान लिहिलंयस' असंही कळवू नका. तुम्ही मेंबर असा, नसा, अंबरनाथचे असा, उल्हासनगरचे, नाहीतर बदलापूरचे... येत्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या दारात या. आधी आपण गोण्या शेडमधून उचलून आत नेऊ. मग त्या कागदी भिंतीसमोर एकेक पुस्तक काढून वाचत बसू, समिती अर्धी खोली मोकळी करून देईपर्यंत. मी ते स्टूल घेऊन येतेय. तुम्हीही येताना घरून बसायला काहीतरी आणा.