मायानं मोजलेली बारव

उंब्रजची माया १९९६ साली पुण्याच्या विद्यापीठात जुन्या वास्तूंचं जतन शिकत होती. प्रबंधासाठी तिनं आईच्या माहेरची, तासगावजवळच्या गावातली दगडी बारव निवडली. तिची आई जाईबाई लहानपणी त्या बारवेच्या काठावर घागर घेऊन ताटकळायची. त्यांच्या जातीला खाली उतरायची बंदी. कुणी वरून ओतलं तरच पाणी.

"तीच मोजायची व्हय तुला?" जाईबाईनं विचारलं.

"तीच. पार तळापर्यंत उतरून."

माजी सरपंच नाथाजी आबांनी तिला अडवलं तर नाहीच, उलट टेपचं दुसरं टोक धरायला स्वतः उभे राहिले. दुपारी घरी नेऊन आपल्या शेजारी तिचं ताट मांडलं. गाव बदललं, असं मायाला मनापासून वाटलं.

पूर्वेची भिंत फुगली होती. मायानं अहवालात लिहिलं, 'भिंत धोकादायक आहे. चुन्यात दुरुस्ती केल्यास बारव दीर्घकाळ टिकेल.' आबांनी एक प्रत मागितली.

"गावच्या दप्तरात ऱ्हाऊ दे, पोरी."

तिनं सही करून दिली.

दिवाळीनंतर ती राहिलेले फोटो काढायला आली, तर बारव नव्हतीच. मुरूम दाबून वर गाळ्यांचे खांब उभे केले होते. बारवेशेजारी राहणाऱ्या धोंडुबाईनं सांगितलं, "तुज्याच कागदावर बुजवली की. धोक्याची हाय म्हनून आबांनी ग्रामसभेत वाचून दावलं."

माया तशीच आबांच्या ओसरीवर गेली.

"आबा, दुरुस्तीचं का वाचलं नाही?"

"जागा मोक्याची हाय, गावाला गाळे पायजेत. आन् तुमच्या लोकास्नी त्या बारवेचा एवढा पुळका कशापायी? तिचं पानी तरी मिळत हुतं का तुमास्नी?"

चहा आला होता. मायानं कपाला हात लावला नाही.

तिनं तहसील कचेरीत तक्रार केली. साहेबानं फाइल उघडून, 'धोकादायक' शब्दाखाली रेघ ओढलेला तिच्याच सहीचा कागद तिच्यापुढं सरकवला.

"बुजली ते बरं झालं," जाईबाई म्हणाली. मायाला ते आबांच्या बोलण्याहून जास्त लागलं.

पदवी पहिल्या वर्गात मिळाली. सरांनी कऱ्हाडकडच्या एका जुन्या घाटाचं काम देऊ केलं, तिनं नाही म्हटलं. सांगलीत एका बिल्डरकडं ती फ्लॅटचे नकाशे काढू लागली. अठ्ठ्याण्णव साली मामाच्या मुलीचं लग्न त्याच गावात निघालं. जाईबाई एकटीच एसटीनं गेली.