शैलावहिनी आणि ट्रॅक्टरवरचा टेप

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, हे मला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं लिहिणं आजवर परीक्षेच्या पेपरापुरतं. शिवाय ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती आमच्याकडे मोठ्यानं बोलत नाहीत, दिरानं तर मुळीच बोलू नये अशी. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. पण शैलावहिनीला जाऊन दीड महिना झाला आणि आमच्या राजुरीत अजून सगळे सांगतात की ती हाताच्या दुखण्यानं गेली. ते खरं नाही. तिच्या छातीत गाठ होती, आणि ती कुणाला सांगायची सोय आम्ही तिच्यासाठी ठेवली नव्हती.

वहिनी आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावच्या पलीकडची. दादाशी लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो. उंच, रुंद खांद्यांची, आणि हसली की विहिरीतले पारवे उडतील असं हसणारी. माझी आई तिला म्हणायची, "अगं हळू हस, रस्त्यानं लोकं थांबत्यात." वहिनी म्हणायची, "थांबू द्या की, च्या पाजू." थोरली मनीषा तान्ही असताना वहिनी बांधावर बसून तिला पाजायची. रस्त्यानं बैलगाडी जायची, गाडीवाला बैल थांबवून विचारायचा, "तुझा सासरा मळ्यात हाय का गं?" ती हातानं दिशा दाखवायची, पोर पीत राहायची, गाडी पुढं जायची. कुणाच्या नजरेत काही नसायचं. मला तरी ते इतकं साधं वाटायचं की ते आठवून ठेवावं असंही कधी वाटलं नव्हतं. आता आठवतं, कारण नंतर ते राहिलं नाही.

यात्रेच्या दिवसांत भाड्यानं व्हिडिओ आणायची पद्धत पडली. असल्याच एका पिक्चरमध्ये एक विनोदी नट भाजीवालीसमोर उकिडवा बसतो, हातात दोन टॉमॅटो घेतो, तिच्या छातीकडे बघतो आणि भाव विचारतो. मागून खूप माणसं हसल्याचा आवाज. पडद्यासमोर पुढं लहान पोरं, मागं बायका. सगळे हसले. असे पिक्चर एकच नव्हे, पुष्कळ आले. पण आमच्या गावात टॉमॅटो पिकतो, म्हणून तो विनोद आमच्याकडे घर करून राहिला. मागच्या हसण्यासकट त्याची कॅसेट निघाली. दादानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्याच्यावर टेप बसवून घेतला, ड्रायव्हर बबनला झोप येऊ नये म्हणून. जोडणी अशी केली होती की किल्ली फिरवली की टेप आपोआप सुरू व्हायचा, आणि आत बहुतेक तीच कॅसेट असायची. दादा सरळ माणूस. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो म्हणायचा, "मनोरंजन हाय रं, किती मनाला लावून घ्यायचं?"

नारायणगावच्या बाजाराला माल न्यायच्या दिवशी मांडवात टॉमॅटोचा ढीग पडायचा आणि बायका गोल बसून माल निवडायच्या. बबन क्रेट उचलायला यायचा, दोन मोठी फळं हातात धरायचा आणि त्या नटाचा आवाज काढायचा, "वैनी, ह्यो एक नंबर कुठं ठिवू?" क्रेट भरणारी पोरं फिदीफिदी हसायची. पहिल्यांदा वहिनीनं त्याला सोडलं नाही. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "बबन्या, तुझ्या आईनं पाजलं तवा बी असाच हसला व्हतास का रं?" बायका खदखदून हसल्या, बबनची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या खेपेला पोरांनी तिचंच वाक्य त्या कॅसेटच्या सुरात म्हणायला सुरुवात केली. तिचं उत्तरही त्यांनी घाण करून टाकलं. तिथून वहिनी मांडवात बोलायची बंद झाली. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून, मान खाली घालून माल निवडायची.

धाकटा किरण झाला तेव्हा ती त्याला पाजायला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जायची. युरियाच्या गोण्या, डिझेलचा वास, आत अंधार. उन्हाळ्यात पोर घामानं चिंब होऊन रडायचं. बाहेर ट्रॅक्टर उभा असायचा.

पुढं काही वर्षांनी ती सांगू लागली की काखेत अवघडतंय, हात उचलत नाही. क्रेट वाहून होत असेल, असं सगळ्यांनी मानलं. तेल चोळलं, मलम झालं, नारायणगावच्या डॉक्टरांनी हातासाठी इंजेक्शनं दिली. डॉक्टरांची चूक नव्हती. तिनं हात पुढं केला, त्यांनी हात तपासला. दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून आलो, तेव्हा तिनं मला मोटारीच्या खोलीत बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, तुमच्या कॉलेजात शिकवत्यात का... बाईमाणसाच्या अंगाचं डागदरला कसं सांगायचं? आमच्याकडं जे जे शबुद हाईत, ते समदे त्या टेपात हाईत."

जीवशास्त्राच्या पुस्तकातलं आठवून मी म्हणालो, "'स्तनात गाठ आहे' असं सांग, वहिनी." तिनं ते ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. "चांगला हाय," ती म्हणाली. "ह्याला कुणी हसणार न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मी तिला मंचरच्या दवाखान्यात नेलं. बाहेरच्या बाकावर बसून मी ऐकलं, तिनं ते पाठ केलेल्या कवितेसारखं स्पष्ट म्हटलं. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, "इतकी वाढेपर्यंत काय करत होता तुम्ही सगळे?"

पुण्यात ऑपरेशन झालं. तिची एक बाजू काढली. ती घरी परतली त्या आठवड्यात स्टँडवर कुणीतरी म्हणालं, "दादाच्या घरी आता निम्माच माल." आणि मागोमाग ते कॅसेटमधलं हसणं, हुबेहूब. हे लिहिलं नाही तर ते नुसतं हवेत विरून जाईल, आणि म्हणणारा माणूस उद्या माझ्याशी शिक्षणाबद्दल कौतुकानं बोलेल...

ऑपरेशनला उशीर झालाच होता. बातमी आली ती दुपारी, होस्टेलच्या ऑफिसातल्या फोनवर. दादा राजुरीच्या स्टँडवरच्या एसटीडी बूथमधून बोलत होता. "तुझी वहिनी..." एवढं म्हणून तो थांबला. मागून बबनचा रडवेला आवाज आला, "दादा, म्या लाकडं आणतो." त्यानं किल्ली फिरवली असणार, कारण ट्रॅक्टर सुरू झाला आणि त्याच्याबरोबर, आपोआप, टेप. टॉमॅटोचा भाव विचारणारा तो माणूस आणि त्याच्यामागचं ते हसणं. मला पुण्यात सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "बंद कर!" दादा ओरडला. "बबन, बंद कर ते!" रिसीव्हर कशावर तरी आपटला. हसणं चालूच होतं. मग पत्रा फाटल्यासारखा, वायरी उपसल्यासारखा आवाज, आणि मग नुसतं इंजिन...

बऱ्याच वेळानं दादानं रिसीव्हर पुन्हा उचलला. त्याला धाप लागली होती.

"गेली रं," तो म्हणाला. "सकाळीच गेली."